रेने फ्लेमिंगने ऑपेरा सोडला नव्हता

‘आवाज गेला म्हणून रेने फ्लेमिंग ऑपेरा सोडून पॉप गायला लागली’ असा या अमेरिकन ऑपेरा-गायिकेबद्दल मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. २०१० साली तिचा ‘डार्क होप’ हा अल्बम आला, त्यात म्यूझ, आर्केड फायर हे रॉक बँड आणि गायक-गीतकार लेनर्ड कोहेन यांची गाणी आहेत, एवढंच खरं. त्याच वर्षी ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये रॉसिनीचा ‘आर्मिदा’ हा ऑपेरा गात होती. २०१७ मध्ये तिथेच ‘रोझेनकाव्हालियर’ हा ऑपेराही गायली.

अल्बममध्ये आवाज ‘उतरलेला’ वाटतो, तो मुद्दाम. ऑपेरात माइकशिवाय अख्ख्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. इथे माइक ओठांशी, म्हणून खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं गायलंय. कॉलेजात ती जॅझ गायचीच. अल्बम आवडला नसेल तर सरळ तसं म्हणा की!