प्रतिक्रियेला उत्तर: मॅक 1 नंतर ड्रॅग खरंच उतरतो का?

नमस्कार. ध्वनीपेक्षा वेगवान उड्डाणावरचा माझा लेख इतक्या बारकाईने वाचलात आणि जिथे पटलं नाही तिथे स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देण्यासारखे मुद्दे नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचे आक्षेप दोन. (इतर वाचकांसाठी: ड्रॅग म्हणजे विमानाला होणारा हवेचा विरोध; मॅक 1 म्हणजे ध्वनीचा वेग, मॅक 2 म्हणजे त्याच्या दुप्पट.) "वेग वाढतो तसा ड्रॅग वाढतच जातो" हे माझं वाक्य चूक आहे, मॅक 1 ओलांडला की ड्रॅग उतरतो आणि म्हणूनच काँकॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाचे वैमानिक मॅक 1.7 ला आफ्टरबर्नर (जादा रेट्यासाठी इंजिनाच्या मागच्या भागात इंधन जाळणारी सोय) बंद करू शकत, हा पहिला. दुसरा असा की ध्वनीचा वेग ओलांडताना प्रवाशांना जवळपास काहीच जाणवत नाही, हे अशक्य आहे. मोठा आवाज आणि हादरा बसणारच.

पहिल्या आक्षेपात तुमचं निम्मं बरोबर आहे आणि माझं वाक्य ढिसाळ होतं. "ड्रॅग" या एका शब्दात मी दोन गोष्टी कोंबल्या. एक ड्रॅगचा गुणांक (हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांचा हिशेब वेगळा काढल्यावर उरणारा आकडा) आणि दुसरं प्रत्यक्ष बल, जे इंजिनाला पेलावं लागतं. गुणांक मॅक 0.8-0.9 च्या सुमाराला उसळी घेतो, मॅक 1 च्या जरा पुढे शिखर गाठतो आणि नंतर उतरतो. हे शंभर टक्के मान्य. उसळीचं कारण असं की पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवेचा वेग वाढतो. विमान अजून ध्वनीच्या मागे असतं, पण पंखावर काही जागी हवा ध्वनीच्या पुढे गेलेली असते. ती पुन्हा मंदावते ती हळूहळू नाही, शॉक वेव्हमधून, म्हणजे जिथे हवेचा दाब झटक्यात वाढतो अशा पातळ पडद्यातून, एकदम. तिथे ऊर्जा उष्णतेत वाया जाते आणि शॉकच्या मागे हवेचा थर पंखापासून सुटायला लागतो. हे शिखर किती उंच, ते बऱ्याच अंशी आकारावर ठरतं. अमेरिकेचं वायएफ-102 हे लढाऊ विमान सरळ उड्डाणात मॅक 1 ओलांडेना. अभियंते रिचर्ड व्हिटकॉम्ब यांच्या 'एरिया रूल'प्रमाणे (विमानाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ नाकापासून शेपटीपर्यंत हळूहळू बदलावं, हा नियम) त्याच्या धडाला कंबर दिली, तेव्हा 1954 च्या डिसेंबरात सुधारित विमान चढ घेतानाच ध्वनीपुढे गेलं.

आता बलाकडे येऊ. समजा उंची तीच आहे आणि विमान मॅक 1.2 वरून मॅक 2 ला गेलं. वेगाचा वर्ग सुमारे 2.8 पट झाला. म्हणजे बल नुसतं होतं तेवढं राहायलाही गुणांक 36 टक्क्यांवर यायला हवा. पातळ पंखासाठी याकोब आकेरेट यांचं साधं सूत्र आहे: हवेशी असलेला कोन तोच ठेवला, तर शॉकमुळे येणाऱ्या ड्रॅगचा गुणांक मॅक क्रमांकाच्या वर्गातून एक वजा करून त्याचं वर्गमूळ काढलं की त्याच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. 1.2 घातला की वर्गमूळ येतं 0.66, आणि 2 घातला की 1.73. म्हणजे गुणांक 38 टक्क्यांवर. तुमच्या बाजूने सगळ्यात उदार हिशेब धरला तरी बल किंचित वाढतंच. त्यात घर्षणाचा ड्रॅग मिळवा, जो इतका उतरत नाही. त्याच उंचीवर राहून मॅक 1 च्या पलीकडे सवलत मिळेल, या आशेत अर्थ नाही.

मग काँकॉर्डचं काय? हा तुमचा खरा चांगला प्रश्न, आणि मूळ लेखात त्याचं उत्तर द्यायला हवं होतं. उत्तर "तीच उंची" या शब्दांत आहे. काँकॉर्ड त्या उंचीवर थांबतच नसे. आफ्टरबर्नर पेटायचे मॅक 0.95 च्या आसपास, साधारण 28 हजार फुटांवर. बंद व्हायचे मॅक 1.7 ला, 43 हजारांच्या सुमाराला. एवढ्या चढात हवेची घनता जवळपास निम्मी होते. आणि याहून मोठं काम इंजिनापुढचे हवेचे मार्ग, म्हणजे इनटेक, करायचे. त्यांतल्या हलत्या झडपा शॉक वेव्ह नेमक्या जागी धरून मॅक 2 ची हवा मॅक 0.5 पर्यंत मंद करायच्या, आणि त्या मंदावण्यातच हवेचा दाब सुमारे सातपट व्हायचा. इंजिनातल्या हवा दाबणाऱ्या काँप्रेसरला हात लावायच्या आधीच! ही व्यवस्था वेग वाढेल तशी जास्त चांगली चालायची. आफ्टरबर्नर बंद करता यायचे यामागे गुणांकाच्या उताराचा वाटा होताच, पण विरळ हवा आणि हे इनटेक नसते तर नुसत्या त्या उतारावर भागलं नसतं. माझ्या मते काँकॉर्डमधली सर्वांत सुंदर अभियांत्रिकी त्या टोकदार पंखांत नसून या झडपांत आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. तुम्ही म्हणता तो मोठा आवाज, म्हणजे सॉनिक बूम, हा "ओलांडण्याच्या क्षणाचा" आवाज नव्हेच. विमान ध्वनीपुढे असेपर्यंत शॉकचा शंकू त्याच्यामागे अखंड ओढला जातो आणि तो ज्याच्यावरून जाईल त्याला धडाका ऐकू येतो. 18 किलोमीटर उंचीवर मॅक 2 ने जाणाऱ्या विमानाचा शंकू ढोबळ हिशेबाने 30 किलोमीटर मागे जमिनीला टेकतो. विमान डोक्यावरून जाऊन मिनिटभर होत आल्यावर बूम येतो, आणि आतले प्रवासी तर त्या शंकूच्या कायम पुढेच असतात. त्यांना जाणवायचे ते दोन हलके धक्के, कारण आफ्टरबर्नर जोडीजोडीने पेटवले जात. तो इंजिनाचा रेटा होता, हवेचा हादरा नव्हे. मॅक 1 झाला हे केबिनच्या पुढच्या फलकावरचा आकडा सांगायचा. वैमानिकांच्या बाजूला, शॉक दाब मोजणाऱ्या छिद्रांवरून सरकला की उंचीचा काटा क्षणभर उडतो, इतकंच.

पण आत शांत म्हणजे बाहेर शांत, असा अर्थ मी काढलेला नाही. ध्वनीपुढे गेल्यावर पंखावरचा उचलीचा बिंदू मागे सरकतो, म्हणून नाक खाली जाऊ नये यासाठी टनावारी इंधन मागच्या टाकीत पंप करत. बाहेर उणे 57 अंश आणि नाकाचं टोक 127 अंशांपलीकडे जाऊ द्यायचं नाही, ही मर्यादाच विमानाचा वेग ठरवायची. दाबल्या गेलेल्या हवेने आणि घर्षणाने सगळं धड तापून वीसेक सेंटिमीटरने लांब व्हायचं. खिडकीच्या आतल्या काचेला हात लावला तर ती कोमट लागायची. फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलच्या कडेला तर हात जाईल एवढी फट उघडायची आणि वेग उतरून धड गार झालं की मिटायची. 2003 मधल्या शेवटच्या उड्डाणांत काही इंजिनिअरांनी आपली टोपी त्या फटीत सरकवली आणि तिथेच राहू दिली. धड पुन्हा तसं तापणार नव्हतं.

"ड्रॅग वाढतच जातो" हे वाक्य मूळ लेखात आजच बदलतोय. गुणांक आणि बल वेगळे लिहीन, आणि इनटेकवर एक परिच्छेद जोडेन.