निष्ठा तिकडे, टाकी इकडे

पेट्रोल महागले की उभा देश सरकारला शिव्या देऊन मोकळा होतो. बेळगावकराला तेवढी सोय नाही, कारण शिव्या नेमक्या कोणत्या सरकारला द्यायच्या, हे त्याला आधी ठरवावे लागते. पेट्रोल अजून जीएसटीत आलेले नाही. त्यावरचा कर प्रत्येक राज्य आपल्या मर्जीने लावते, त्यामुळे सीमेवरचे बाची ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत शिरले की तेच पेट्रोल वेगळ्या भावाचे होते. बरीच वर्षे ते तिकडे महाग आणि इकडे स्वस्त असल्याने, 'बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' या घोषणेत उभ्या जन्मात एकही गाव न गाळलेले आमच्या गल्लीतले काका टाकी मात्र कर्नाटकातच भरत आले. कोणी छेडलेच तर म्हणतात, "सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात हाय, आनि गाडी आज रिझर्व्हला हाय." यावर प्रतिवाद नाही.

मला या भावफरकाचा खरा जाच होतो तो कोल्हापूरच्या मेहुण्यांमुळे. कागल सुटल्यापासून काट्यावर नजर ठेवून, एसी बंद करून आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ते कोगनोळीचा नाका गाठतात. पुढे कर्नाटकातल्याच निपाणीत पंप असूनही थेट बेळगावपर्यंत तशीच ओढत आणतात. घरात पाऊल ठेवताच बहिणीची खुशाली विचारण्याआधी, "दाजी, आज तुमच्याकडं भाव काय?" परतीच्या दिवशी मला पंपावर सोबत नेले जाते. पंपावरचा पोरगा "झिरो नोड्री" म्हणतो, टाकी भरते, नोझल आपोआप बंद होते, तरी मेहुणे "अजून बसतंय बघ" म्हणत गाडी गदागदा हलवून आतले बुडबुडे जिरवतात. पैसे द्यायच्या वेळी त्यांचे पाकीट हटकून डिकीतल्या बॅगेच्या तळाशी असते. निपाणीचे पंप त्यांना का दिसत नाहीत, ते मला तिथे कळते.

१५ जून २०२४ रोजी कर्नाटक सरकारने विक्रीकर वाढवला आणि पेट्रोल लिटरमागे ३ रुपयांनी चढले. दोन राज्यांतला फरक आक्रसला, तशा मेहुण्यांच्या भेटीही विरळ झाल्या. मीच काहीतरी बोललो असणार, असा घरात संशय आहे.

जनक्षोभ म्हणावा तर तोही उसळला. सप्टेंबर २०२१ मध्ये इंधनदरवाढीविरुद्ध बैलगाडीतून विधानसौधाकडे निघालेल्या काँग्रेसचेच सरकार आता कर वाढवत होते, तेव्हा आंदोलनाची पाळी भाजपची होती. इंधनाच्या भावाची झळ न लागणारे आंदोलन आमच्याकडे एकच, ते म्हणजे १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाची सायकल फेरी. पूर्वी भाव पंधरवड्याने बदलत, तेव्हा आदल्या रात्री पंपावर रांग लावून पाच-दहा रुपये वाचवल्याचा विजय तरी साजरा करता येई. १६ जून २०१७ पासून भाव रोज ठरू लागला आणि तोही सण बुडाला.

काकांनी आता तिसऱ्या राज्याकडे मोर्चा वळवला आहे. गोव्याने २०१२ साली व्हॅट जवळजवळ काढून टाकला, तेव्हा तिथले पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले होते. तो व्हॅट पुढे परत आला, तरी गोव्यातले पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्तच, हे त्यांचे पालुपद कायम आहे. चोर्ला घाटाची चढ-उतार करण्यात किती पेट्रोल जळते, हे मी कागदावर मांडून दाखवले, तेव्हा त्यांनी कागद शांतपणे घडी करून खिशात घातला. ते केवळ पेट्रोलसाठीच गोव्याला जातात, यावर कणकुंबीच्या तपासणी नाक्यावरच्या अबकारी शिपायाचाही विश्वास नाही.