निवृत्तांनो, खड्डा तयार आहे

सेवानिवृत्तीचा सत्कार झाला, शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली. पेन्शन सुरू झाली आणि घरातली माणसं सकाळी साडेआठलाच ‘जरा बाहेर फिरून या की’ असं प्रेमानं म्हणू लागली, म्हणजे समाजाला तुमची गरज भासू लागली असं समजावं. कोल्हापुरात समाजसेवेला कामाचा तोटा नाही. नदी आहे, नदीला पूर आहे, रंकाळा तलाव आहे, शहराभोवती उघड्या टेकड्या आहेत. फक्त पद्धत माहीत पाहिजे. जुलै चालू आहे, हंगाम ऐन भरात आहे, म्हणून ती घाईनं देतो.

पहिलं काम संस्था. नोंदणीला किमान सात माणसं लागतात. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि मार्गदर्शक असे सात बसले की मंडळ पूर्ण. फावडं धरायला कोणी उरत नाही, त्याची चिंता नको. रोजंदारीवर दोन गडी मिळतात आणि फोटोच्या वेळी जरा बाजूला सरका म्हटलं तर ते मनाला लावून घेत नाहीत.

टोप्या एका रंगाच्या घ्या.

बॅनर दहा बाय चारचा असावा. त्यावर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असं लिहून तो जवळच्या झाडाला चार इंची खिळ्यांनी ठोकावा.

रक्तदान शिबिर जरूर घ्या. पासष्टीनंतर तुमचं रक्त कोणी घेत नाही, तेव्हा उद्घाटन निर्धास्तपणे करता येतं.

रंकाळ्यावर श्रमदान करायचं झालं तर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढावं आणि ते काठावरच ठेवून चहाला जावं. वाहून नेण्याची व्यवस्था करू नये. एका पावसात ते परत पाण्यात उतरतं आणि पुढच्या महिन्यातही कार्यक्रम होतो. सांडपाणी मिसळतं कुठून, हा विषय काढलाच तर तो बैठकीत काढावा. तिथं फरसाण असतं.

महापालिकेच्या शाळेत जाऊन ‘संस्कार’ या विषयावर पाऊण तास बोला. तिसरीतल्या ज्या चार पोरांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत, त्यांना टाळ्या वाजवता येतात.

पूर आला की कपाटं आवरायला काढावीत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 वर गेलं की धोका, हे कोल्हापूरच्या पोरासोरांनाही पाठ आहे. तुमच्यासाठी 43 चा अर्थ एवढाच की सूनबाईंना माळ्यावरचं गाठोडं खाली काढायला सांगायचं. चेन तुटलेली पँट, लग्नातला कोट, उसवलेलं स्वेटर, जोडीतली एकच चप्पल, सगळं चालतं. 2019 च्या पुरात अशा दानाचे ढीग भिजून वास मारत होते, आणि ते उपसायलाही पुन्हा कार्यकर्तेच लागले. पाणी उतरल्यावर काय लागतं ते मात्र विचारू नका. घरात घोट्याएवढा चिखल असतो. तो ओला असतानाच खरडावा लागतो, वाळला की खोऱ्याला दाद देत नाही. तेव्हा लागतात फावडी, खराटे, गमबूट, ब्लिचिंग पावडर, चटया, नवी कोरी अंतर्वस्त्रं आणि सॅनिटरी पॅड. त्याच्याही पुढं पंचनामे सुरू होतात. आधारवरचं नाव एक, पासबुकावरचं दुसरं, खात्याच्या नंबरात एक अंक चुकलेला, की अनुदान अडकलंच. ज्या म्हातारीचं पासबुकच भिजून लगदा झालंय, तिच्यासाठी बँकेत किंवा महसूल खात्यात तीस वर्षं घालवलेला माणूस टेबल टाकून चार दिवस अर्ज भरायला बसला, तर त्याच्याइतकं उपयोगी कोणी नाही. पण हे तुम्ही कशाला करता? हे तर नोकरीत करतच होता की. आणि त्यात हार नसतो.

आता मुख्य विषय. वृक्षारोपण.

मुहूर्त रविवारचा धरावा. आकडा पाचशेच्या खाली नसावा, कारण ‘पस्तीस झाडांचे वृक्षारोपण’ अशी बातमी लागत नाही. रोपं वीतभर उंचीची घ्यावीत, टेम्पोत जास्त बसतात. पाच-सहा फुटी रोप घेतलं तर शेंडा शेळीच्या तोंडाच्या वर जातो आणि ते जगण्याची भीती असते. जात कुठलीही चालेल. करंज, जांभूळ, ताम्हण, बहावा ही आपल्याकडची झाडं मुरमाड माळाला कोण कशी सोसतं हे बघत बसलात तर रविवार निघून जाईल. सप्तपर्णी मागवा. ती कुठंही मिळते, हिरवीगार दिसते आणि शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. दिवाळीच्या सुमारास फुलली की उग्र वासानं अख्खी कॉलनी खिडक्या लावून बसते, तो भाग वेगळा.

खड्डा त्याच दिवशी सकाळी घ्यावा. खरं तर मुरमाड उतारावर तीन फूट लांब, तीन रुंद आणि तीन खोल असा खड्डा एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्यायचा असतो. मग तळाला पालापाचोळा, त्यावर गाळाची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी पाव किलो निंबोळी पेंड मिसळून तो भरायचा आणि वळवाच्या एक-दोन पावसांत खाली बसू द्यायचा. पण मे महिन्यात ऊन फार असतं आणि पाहुणे नसतात. त्यापेक्षा आदल्या रात्री पाऊस झाला की पहारीनं वीतभर भोक पाडावं. निघालेला मुरूम त्यातच परत लोटावा. पाऊस संपेपर्यंत त्यात पाणी तुंबून मुळ्या कुजतात आणि पाऊस संपला की तोच मुरूम आवळून बसतो, म्हणजे दोन्ही हंगामांची सोय झाली.

पिशवी काढू नये. हे महत्त्वाचं आहे, लक्ष देऊन वाचा. पिशवी काढायची म्हणजे आधी तळ ब्लेडनं गोल कापायचा, तळाशी वेटोळं झालेल्या मुळ्या छाटायच्या, बाजूला उभी चीर द्यायची, रोप खड्ड्यात ठेवायचं आणि मातीचा गोळा न फुटता प्लॅस्टिक वर ओढून घ्यायचं. एका रोपाला दोन मिनिटं जातात आणि हात मातीचे होतात, मग पाहुण्यांचा हात हातात कसा घेणार? म्हणून पिशवीसकट ठेवावं, वरून माती लोटावी, पायानं दाबावी आणि हसावं. रोप लगेच मरत नाही, हीच यातली गंमत. पिशवीतल्या ओलीवर ते दसऱ्यापर्यंत हिरवं दिसतं. मुळ्या प्लॅस्टिकच्या आत गोल गोल फिरत राहतात, खाली उतरत नाहीत. दिवाळीनंतर वरची वीतभर माती सुकते, पानं पिवळी पडतात, आणि मार्चमध्ये शेंडा धरून उचललं की पिशवी, वेटोळं, सगळं मुळ्याच्या गड्डीसारखं अलगद हातात येतं. तोपर्यंत तुमचं प्रशस्तिपत्र फ्रेम होऊन भिंतीवर गेलेलं असतं.

जागा मात्र नवीन शोधू नये. मागच्या वर्षांचे खड्डे असतातच. माती भुसभुशीत असते, पहार सहज जाते. आणि त्या खड्ड्यात आधीचं एखादं रोप चुकून जगलेलं असलं तर?

तर ते उपटावं. गेल्या रविवारी असंच झालं. शहराबाहेरच्या त्या उतारावर तीन उन्हाळे कॅननं पाणी घालून टिकवलेली करंजाची रोपं होती. वर दिसायला दीड-दोन फूट, कारण असल्या जमिनीत करंज आधी खाली जातो आणि मग वर येतो. बुडाला पाल्याचं आच्छादन होतं, कामटी होती, सुतळीनं आठच्या आकड्यात सैल बांधलेलं होतं. आंधळ्यालाही चाचपून कळलं असतं की हे कोणीतरी सांभाळलंय. ती झुडपं समजून पहारीनं उकरली, बाजूला फेकली आणि त्याच खड्ड्यांत काळ्या पिशवीसकट सप्तपर्णी बसवली. का, तर फोटोत रांग सरळ आली पाहिजे! वर फेटे बांधून भाषणं झाली. फेटे बांधायला माणूस आणला होता, त्याला पैसे दिले होते. दोन रुपयांचं ब्लेड आणायला बजेट नव्हतं.

साहेब, झाडाला तुमच्या भाषणाचा काही उपयोग नसतो, पाण्याचा असतो, आणि पाण्याचा हिशेब तिसरीतल्या पोरालाही जमेल. नोव्हेंबर ते मे धरा, साधारण तीस आठवडे. माळावरच्या रोपाला आठवड्याला निदान पंधरा लिटर. म्हणजे एका रोपाला एका उन्हाळ्यात साडेचारशे लिटर. तुमच्या पाचशे रोपांना सव्वादोन लाख लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे 45 टँकर. असे तीन उन्हाळे. तुमच्या जमाखर्चात टँकर किती आहेत? फेटे किती आहेत तेही सांगा.

आता उलटं बघा. एका माणसानं पाच झाडं घ्यावीत. आठवड्याला 75 लिटर, म्हणजे वीस लिटरचे चार जार. स्कूटरच्या पुढ्यात एक जार ठेवून आठवड्यातल्या चार सकाळी एकेक खेप मारली की झालं. गुडघे दुखत असतील तर पाच-पाच लिटरचे कॅन घ्या आणि खेपा वाढवा, घाई कुणाला आहे? दीड फुटाचं आळं करा, त्यात चार बोटं पाला पसरा, पाणी बुडाशी ओतू नका, आळ्यात ओता. डिसेंबर लागायच्या आत भोवतीचं गवत तीन-तीन फूट कापून काढा, नाहीतर फेब्रुवारीत कोणीतरी माळाला काडी लावतो आणि वर्षाची मेहनत दहा मिनिटांत जाते. तुम्ही सात पदाधिकारी आहात. पस्तीस झाडं होतात. तीन वर्षांनी पस्तीसच्या पस्तीस उभी दिसतील. पाचशेतली किती दिसतात, ते गेल्या चार वर्षांच्या तुमच्याच खड्ड्यांत जाऊन मोजा.

आणि रविवारच का हो? रविवार नोकरदारांचा. दुकानातल्या पोराला एकच सुट्टी असते, तो त्या दिवशी कपडे धुतो. तुम्हाला सातही वार मोकळे आहेत. या अख्ख्या शहरात मंगळवारी सकाळी सात वाजता रिकामा असलेला, धडधाकट, महिन्याला ठरलेला पैसा घरी येणारा आणि साहेबाची परवानगी न लागणारा माणूस फक्त तुम्ही आहात. रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत खेड्यातून आलेलं माणूस भांबावून उभं असतं, तेव्हा वार मंगळवारच असतो. मार्चमध्ये झाड सुकतं, ते दुपारी, कोणी बघत नसताना. तुमच्याकडं वेळ आहे, जो आम्हा कुणाकडं नाही, आणि तो तुम्ही खुर्च्यांच्या क्रमावरून भांडण्यात घालवता. गेल्या वर्षी उपाध्यक्ष आधी की कार्याध्यक्ष आधी यावरून पत्रिका दोनदा छापल्या. लाज वाटत नाही? चाळीस वर्षं कचेरीत कागदावर काम दाखवलंत ते दाखवलंत, आता तरी बिल लावायचं नाही, गोपनीय अहवाल नाही, बढती नाही. मग हा कार्यक्रम कुणाला दाखवायला?

काम करायचं नसेल तर करू नका. घरी बसा, नातवंडांना खेळवा, कट्ट्यावर राजकारण बोला, कोणी नाव ठेवणार नाही. पण जे जगलंय त्याला पहार लावू नका.

आणि गेल्या रविवारचं अजून निस्तरता येतं. जमीन ओली आहे, मुळ्या अजून पिशवीच्या बाहेर पडायच्या खटपटीत आहेत. येत्या चार दिवसांत सातहीजण ब्लेड घेऊन उतारावर या. एकेक रोप हलक्या हातानं उकरा, तळ कापा, चीर द्या, पिशवी ओढून घ्या. रोपाचा गळा, म्हणजे खोड आणि मूळ जुळतं ती जागा, जमिनीच्या पातळीला ठेवा, खोल पुरू नका. काढलेल्या पिशव्या मोजून पोत्यात भरा आणि पोतं खाली घेऊन जा. उपटलेल्या करंजांपैकी दोन-तीन अजून ओली आहेत, बांधाच्या कडेला झाकून ठेवली आहेत, ती आधी लावा. टोप्या नसल्या तरी चालेल.