थर्ड सिटिझनचे मनोगत

खऱ्या ज्युलियस सीझरला मारायला इ. स. पूर्व ४४ च्या १५ मार्चला एक बैठक पुरली होती. आमच्या शाळेला त्याच कामासाठी दोन शैक्षणिक वर्षे लागली. आयसीएसई बोर्डाच्या इंग्रजी साहित्याच्या पेपरला शेक्सपिअरचे एक नाटक असते आणि आमच्या वाट्याला ‘ज्युलियस सीझर’ आले होते. पोर्शनची वाटणी करताना शाळेने पहिले दोन अंक नववीला आणि उरलेले तीन दहावीला टाकले. त्यामुळे कट नववीत शिजला आणि खून दहावीत झाला. मधल्या काळात वार्षिक परीक्षा झाली, निकाल लागला, आम्ही सगळे मे महिन्यात आपापल्या गावी जाऊन आंबे खाऊन आलो. आणि तेवढा सगळा काळ कटवाल्यांतल्या ब्रूटसची बायको पोर्शिया रस्त्यात उभी राहून, तिकडे काय चालले आहे ते बघून ये, म्हणून नोकराला पिटाळत राहिली होती. तिला ते नेमके कधी कळले हे शेक्सपिअरने सांगितलेले नाही. आम्हांला जूनमध्ये कळले.

वास्तविक हे नाटक एका दुपारचे आहे. थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी १५९९ च्या २१ सप्टेंबरला लंडनमध्ये जेवण उरकून दोनच्या सुमारास नदी ओलांडून गेला आणि गवताने शाकारलेल्या एका नाट्यगृहात सीझरचे नाटक पाहून आला. तो शेक्सपिअरचाच प्रयोग होता असे अभ्यासक मानतात. नाटक संपल्यावर चौघा नटांनी, त्यांपैकी दोघांनी बायकांचे कपडे घालून, फार सुरेख नाच केला, असेही त्याने नोंदवून ठेवले आहे. नाटक पाहिले, नाच पाहिला आणि माणूस मुक्कामी परतला. त्याला दारात अडवून, अमुक वाक्य कोण कोणास म्हणाले आणि ते म्हणताना त्याची मनःस्थिती कशी होती, असे कोणीही विचारले नाही.

आम्हांला मात्र तेच विचारले जाई. नाटकातला आठ-दहा ओळींचा एक तुकडा छापायचा आणि त्याखाली प्रश्न लावायचे: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, कोठे, कशावरून, त्याआधी काय घडले, त्यानंतर काय घडले. पोलीस ठाण्यात जबाब नोंदवून घेतात त्याच धाटणीचा हा प्रकार होता, फरक इतकाच की येथे आरोपी आणि मयत दोघांच्याही वतीने आम्हीच जबाब द्यायचा असे. पुस्तकाची रचनाही या कामाला अनुकूल होती. डाव्या पानावर शेक्सपिअर आणि उजव्या पानावर टिपा. टिपा एवढ्या भरगच्च असत की त्यांना जागा करून देण्यासाठी कधी कधी डावीकडे जेमतेम सात-आठ ओळी उरत. वर्गातल्या हुशार मुलांनी पहिल्याच आठवड्यात ओळखले की मार्क उजवीकडे आहेत. त्यानंतर डाव्या पानावर फारसे कोणी फिरकले नाही.

टिपा लिहिणाऱ्या गृहस्थांचा शेक्सपिअरवर इतका जीव होता की त्याची चूकही त्यांना वाया घालवावीशी वाटत नसे. दुसऱ्या अंकात कटवाले मध्यरात्री ब्रूटसच्या घरी जमलेले असताना घड्याळात तीनचे ठोके पडतात. सीझरच्या काळी रोममध्ये ठोके देणारे घड्याळ नव्हते. आमच्यापैकी कोणी इतिहासाच्या पेपरात असे घड्याळ लावले असते, तर त्याभोवती लाल गोल पडला असता. शेक्सपिअरने लावले म्हणून त्यावर दोन मार्कांचा प्रश्न पडला. सीझरच्या अंगावरच्या जखमांचेही तसेच. प्लूटार्क आणि स्वेटोनियस हे जुने चरित्रकार २३ जखमा सांगतात आणि शेक्सपिअरने त्या ३३ केल्या. इतिहासाच्या सरांनी २३ शिकवल्या होत्या, इंग्रजीच्या मिस ३३ सांगत होत्या, आणि आम्ही ज्या पेपरला बसलो असू त्याप्रमाणे दहा जखमा घालायच्या किंवा काढायच्या, असे ठरले.

मिस मनाने चांगल्या होत्या. नाटक हे मोठ्याने वाचायचे असते यावर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी वर्गात भूमिका वाटल्या. ब्रूटस हा हेडबॉय झाला, कारण मान खाली घालून गंभीर राहण्याचा त्याला सराव होता. वक्तृत्वाची बक्षिसे मिळवणारा मुलगा सीझरचा मित्र अँटनी झाला. अंगावर मूठभर मांस नसलेल्या मुलाला कटवाला कॅशियस करण्यात आले, कारण कॅशियस हडकुळा आणि भुकेला दिसतो आणि अशी माणसे धोकादायक असतात, असे खुद्द सीझरने म्हटले आहे. आमचा कॅशियस दुसऱ्या तासालाच शेजाऱ्याचा डबा संपवत असल्यामुळे सीझरचे हे निरीक्षण वर्गाला तत्काळ पटले. मुलींची अडचण झाली, कारण नाटकात बायका दोनच आणि वर्गात मुली निम्म्या. त्यामुळे पोर्शिया आणि सीझरची बायको कल्पूर्निया सोडून बाकीच्या मुली कटात सामील झाल्या. सीझरवर पहिला वार कॅस्का करतो. आमच्याकडे तो दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने फूटपट्टीने केला आणि त्यात तिचा वर्षभराचा काहीतरी राग होता, असे सीझर नंतर बरेच दिवस सांगत असे.

मला थर्ड सिटिझन करण्यात आले.

हे मी घरी सांगितले तेव्हा आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. शेक्सपिअर म्हणजे आमच्या घरी आजोबांचे खाते. गणपतराव जोशांचा हॅम्लेट त्यांच्या वडिलांनी पाहिलेला होता आणि त्याचे वर्णन आजोबा स्वतः पाहिल्यासारखे करीत. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि त्या काळात हॅम्लेटचे भाषांतर करायला घेतले, ही गोष्ट तर आम्हां नातवंडांना, अभ्यासाला जागा नाही अशी तक्रार केली की हमखास ऐकावी लागे.

“कुणाचं काम मिळालं म्हणालास?” त्यांनी विचारले.

“थर्ड सिटिझन.”

“त्याला नाव नाही?”

“नाही, आजोबा. नंबर आहे.”

आजोबा काही वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “अरे, काम लहान असलं तरी आवाज लहान नको,” आणि त्यांनी मला गॅलरीत उभे करून माझे पहिले महत्त्वाचे वाक्य घटवून घ्यायला सुरुवात केली. सीझरला मारल्यावर ब्रूटस रोमच्या जमावापुढे भाषण करतो, त्यानंतर जमावातल्या थर्ड सिटिझनने म्हणायचे ते वाक्य होते: ‘यालाच सीझर करा!’ समोरच्या इमारतीतल्या काकांनी, तुमच्याकडे सोसायटीची निवडणूक आहे का, असे विचारीपर्यंत मी ते म्हणत होतो.

हे वाक्य नीट पाहण्यासारखे आहे. ब्रूटसने नुकतेच सांगितले आहे की सीझर राजा होऊ पाहत होता म्हणून मी त्याला मारले. त्यावर थर्ड सिटिझन खूश होऊन म्हणतो की मग आता यालाच सीझर करा. सबंध भाषणाचे सार त्याला असे उलटे कळलेले आहे. पुढे अँटनी व्यासपीठावर चढतो तेव्हा थर्ड सिटिझन म्हणतो, रोमची पीडा टळली हे आपले भाग्यच. थोड्या वेळाने तोच म्हणतो की अँटनीइतका थोर माणूस अख्ख्या रोममध्ये नाही. त्यानंतर त्याला सीझर एकदम राजेशाही वाटू लागतो, आणि शेवटी तो मोडतोडीला निघतो. हा सगळा प्रवास सुमारे दोनशे ओळींत उरकतो. इतर सिटिझनांच्या मानाने त्याचा झपाटा मोठा आहे. पहिला तोलूनमापून बोलतो, दुसऱ्याला अँटनीचे रडून लाल झालेले डोळे दिसतात, चौथा थोडा वकिली वळणाचा आहे. माझ्या माणसाला एवढेच ठाऊक की शेवटचा बोलेल तो खरा.

या प्रवेशाचे वाचन दहावीच्या जुलै महिन्यात झाले. सीझर मरून पडलेला असायला हवा होता, परंतु मिस त्याला टेबलावर झोपू देईनात, म्हणून तो पहिल्या बाकावर डोके टेकून मेला आणि मधूनमधून हसत राहिला. सीझरचा झगा म्हणून कोणाचा तरी ओला रेनकोट घेतला होता. अँटनीने तो उचलून धरला आणि येथे कॅशियसचा खंजीर घुसला, ही चीर कॅस्काने पाडली, येथे लाडक्या ब्रूटसने वार केला, असे एकेक भोक दाखवायला सुरुवात केली. खून होत असताना अँटनी तेथे नव्हता, त्याला एका कटवाल्याने आधीच बाजूला नेले होते, हे आम्ही आदल्याच आठवड्यात लिहून घेतले होते. कोणते भोक कोणाचे, हे याला कोणी सांगितले? मला विचारायचे होते, पण थर्ड सिटिझनला तसे वाक्य दिलेले नव्हते. मग मृत्युपत्र निघाले. सीझरने प्रत्येक रोमन नागरिकाला ७५ द्राख्मा ठेवल्याचे ऐकताच मागच्या बाकावरून, म्हणजे रुपयांत किती, अशी पृच्छा झाली. उजव्या पानावर त्याचे उत्तर नव्हते.

आणि मग ते वाक्य आले. जमाव पेटलेला आहे, दुसरा सिटिझन म्हणतो, विस्तव आणा, आणि त्यावर थर्ड सिटिझन म्हणतो, बाके उखडा. हे मी केवळ छापले होते म्हणून आणि आजोबांनी घटवून घेतलेल्या आवाजात म्हटले. शेक्सपिअरने हे वाक्य लिहिताना त्याच्यासमोर उभा असलेला प्रेक्षक असणार. ज्या खोलीत पन्नास माणसे प्रत्यक्ष बाकांवर बसलेली आहेत आणि सकाळपासून बसून बसून कंटाळलेली आहेत, अशा खोलीचा विचार त्याने केलेला दिसत नाही. एरवी पुस्तकात ‘सर्वजण’ असे आले की वर्गातून कसाबसा पुटपुटल्याचा आवाज यायचा. त्या दिवशी सर्वजण खरोखरच सर्वजण झाले. लोखंडी पायांची बाके फरशीवर करकरली, मागच्या दोन रांगांनी आपले बाक चक्क उचलले, आणि सीझरही उठून त्याच्या बाकाच्या एका टोकाला धरून उभा राहिला.

आमच्या वर्गाच्या बरोबर खाली गणिताचा तास चालू होता. गणिताचे सर दारात आले तेव्हा बाके अजून अधांतरी होती. हे कोणी सुरू केले, असे त्यांनी विचारताच ब्रूटस, अँटनी, कॅस्का, दोन्ही बाजूंचे कटवाले आणि बाकीचे तिन्ही सिटिझन यांनी एकमताने माझ्याकडे बोट दाखवले. रोमन जमावाच्या स्वभावावर याहून चांगले टिपण मला नंतर कोठे मिळाले नाही. मिसनी शांतपणे पुस्तक पुढे केले. सरांनी डाव्या पानावरचे ते वाक्य बोट ठेवून वाचले, मग उजव्या पानावर त्याची टीप वाचली, मग पुन्हा डावीकडे आले आणि म्हणाले, “लिहिलंय खरं. पण बाहेर उभा राहा.”

मी बाहेर असताना पुढचा प्रवेश झाला. त्यात सिना नावाच्या कवीला जमाव पकडतो. तो कळवळून सांगतो की कटवाला सिना वेगळा, मी कवी आहे. त्यावर चौथा सिटिझन म्हणतो, मग वाईट कविता केल्याबद्दल याला फाडा. सबंध नाटकात सामान्य माणसाच्या वाट्याला आलेले हे सर्वांत मनमोकळे वाक्य. त्यानंतर ‘फाडा, फाडा’ म्हणत मशाली पेटवायला सांगण्याचे काम थर्ड सिटिझनचे आहे, आणि ते माझ्या गैरहजेरीत कल्पूर्नियाने केले. व्हरांड्यातून मला ते ऐकू आले. तिचा आवाज माझ्याहून चांगला लागला होता.

प्रिलिमला प्रश्न आला की रोमन जमावाचे स्वभावचित्र रेखाटा. गाईडमधले उत्तर एका ओळीचे होते: जमाव चंचल असतो. हे काही मला पटलेले नाही आणि आजही पटत नाही. सेनेटमधल्या शहाण्या मंडळींनी सीझरला एक शब्द न विचारता भोसकले. या बिचाऱ्या अडाणी सिटिझनांनी निदान दोन्ही बाजूंची भाषणे उभ्याने ऐकून घेतली. आता दुसरे भाषण पहिल्याहून सरस निघाले, हा काही ऐकणाऱ्यांचा दोष नव्हे. मी हे सगळे सविस्तर लिहिले. उत्तरपत्रिकेत त्या परिच्छेदाशेजारी मिसनी पेन्सिलीने ‘इंटरेस्टिंग’ असे लिहिले होते आणि मार्क मात्र त्याखालच्या, चंचल असतो, या वाक्याला दिले होते.

चौथा आणि पाचवा अंक भराभर उरकला. दिवाळी जवळ आली होती आणि बरीच माणसे मारायची शिल्लक होती. तंबूत सीझरचे भूत येते, म्हणून आमच्या सीझरला तीन-चार वाक्यांसाठी पुन्हा उठवण्यात आले आणि त्याने ती झोपेतच वाचली. कॅशियस स्वतःच्या वाढदिवशी मरतो असे कळल्यावर वर्गातल्या कॅशियसला सर्वांनी एकच विचारले: चॉकलेटे आधी वाटली होती का? ब्रूटस तीन जणांना, मला मारा, म्हणून विनवतो आणि तिघेही नकार देतात. अखेर स्ट्रॅटो तलवार धरतो आणि हेडबॉय तितक्याच गंभीरपणे, मान खाली घालून संपतो.

त्याच्या प्रेताजवळ उभे राहून अँटनीने शेवटचे भाषण वाचले: सगळ्या रोमनांत हाच सर्वांत थोर होता. मी हात वर केला. मिसनी विचारले, काय आहे. मी म्हणालो की तिसऱ्या अंकात थर्ड सिटिझनने म्हटले आहे की अँटनीहून थोर माणूस रोममध्ये नाही, आणि आता अँटनी स्वतःच म्हणतो की ब्रूटस सर्वांत थोर होता. तेव्हा या दोघांपैकी नक्की कोणाचे धरायचे?

मिसनी घड्याळाकडे पाहिले. तास संपायला दहा मिनिटे होती.

“पेपरमध्ये ब्रूटस लिहा,” त्या म्हणाल्या, “आणि सगळ्यांनी वह्या काढा.”