मळणी यंत्राचे तोंड आणि १८९३चा ‘शोध’ : एका दाव्याचा प्रतिवाद

गव्हाची सुगी जवळ आली की शेतीविषयक गटांमधून एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा : सुरुवातीचे मळणी यंत्र म्हणजे नुसता उघडा फिरता ड्रम होता आणि त्यात पेंढ्या हातानेच घालाव्या लागत, त्यात असंख्य मजुरांचे हात गेले आणि चिडलेल्या मजुरांनी इंग्लंडमध्ये यंत्रे फोडली, अखेर १८९३ मध्ये अमेरिकेतील एका कनवाळू माणसाने पेंढ्या आपोआप आत घेणारी यंत्रणा शोधली आणि अपघात थांबले, आपल्याकडे ते अजून होतात, कारण आपण ती यंत्रणा स्वीकारली नाही. याच माणसाने पुढे कपडे धुण्याचे यंत्र काढले, अशी पुस्तीही शेवटी जोडलेली असते. गंमत अशी की, या सगळ्या मजकुरात सर्वांत कमी दुरुस्ती लागते ती त्या पुस्तीला. बाकीची विधाने एकेक करून तपासावी लागतात.

सुरुवातीच्या यंत्रांना भरणीची यंत्रणाच नव्हती, हे पहिले विधान सरळ चूक आहे. स्कॉटलंडच्या पूर्व लोदियन भागात गिरण्यांची कामे करणाऱ्या अँड्र्यू मीकल या कारागिराने १७८६ च्या सुमारास जे यंत्र उभे केले आणि ज्याचे पेटंट त्याला १७८८ मध्ये मिळाले, ते यशस्वी मळणी यंत्रांपैकी पहिले मानले जाते. त्या यंत्रात पेंढी सोडून फळीवर पसरली की खाचा पाडलेले दोन रूळ तिला चिमटीत धरून ठरावीक वेगाने आत सरकवीत, आणि रुळांनी धरून ठेवलेल्या ताटांच्या ओंब्यांवर ड्रमच्या लोखंडी कडांच्या पट्ट्या आदळत. माणसाचे काम फळीवर काड पसरण्यापुरतेच उरे. ते आत किती वेगाने जावे, हे रूळ ठरवीत. म्हणजे ज्या गोष्टीचा जन्म हा मजकूर १८९३ मध्ये घालतो, तिचे एक रूप त्याआधी शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात होते.

मग मधल्या काळात हाताने भरणी करणारी यंत्रे सर्वत्र कशी दिसतात, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मूळ मजकुरापेक्षा बरेच रंजक आहे. दक्षिण इंग्लंडमधील शेतकऱ्याला दाण्याइतकीच काडाचीही किंमत होती, कारण घरांची आणि गंजींची छपरे त्या काडानेच शाकारली जात. ताटे उभी रुळांतून ओढली गेली की त्यांचा चुरा होई आणि ते काड छपराला निरुपयोगी ठरे. म्हणून तिकडे साडेचार फुटांच्या आसपास रुंदीचा ड्रम रूढ झाला, ज्यात पेंढी ड्रमच्या लांबीला समांतर, म्हणजे आडवी, सोडली जाई आणि काड बरेचसे अखंड बाहेर येई. अशी आडवी भरणी त्या काळच्या रुळांना साधणारी नव्हती. ती माणसाच्या हातालाच साधे. अमेरिकेत काडाची पर्वा कमी आणि घाई अधिक असल्यामुळे दातेरी ड्रम आला, ज्याचे दाते खालच्या अवतल पाटावरच्या दात्यांमधून फिरत आणि ओंब्या पुढे करून घातलेली पेंढी क्षणात खेचून घेत. तिथे काड आत ओढायला रुळांची गरजच उरली नाही. उलट, ते फार वेगाने ओढले जाऊ नये, ही चिंता होती. हाताची भरणी ही यंत्राची बाल्यावस्था नव्हती, तर त्या त्या ठिकाणच्या गरजेपोटी मागाहून केलेली निवड होती.

इंग्लंडमधील यंत्रे फोडण्याच्या प्रसंगावर फार थांबण्याचे कारण नाही. केंट परगण्यात कँटरबरीजवळच्या लोअर हार्ड्रेस इथे २८ ऑगस्ट १८३० च्या रात्री पहिले यंत्र फोडले गेले आणि पाहता पाहता ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावाने तो उठाव दक्षिणेत पसरला. मजुरांचे गाऱ्हाणे तुटलेल्या हातांचे नव्हते, रिकाम्या हातांचे होते. हिवाळाभर काठीने धान्य झोडपण्याचे काम हाच शेतमजुराच्या घरातला थंडीच्या दिवसांतला एकमेव आधार असे आणि यंत्र नेमके तेच काम काढून घेत होते. या उठावासाठी १९ जणांना फाशी झाली आणि शेकडो जणांना काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाकडे धाडण्यात आले. त्यांच्या लढ्याला यंत्रसुरक्षेची चळवळ म्हणणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

आता १८९३ आणि ‘दया’. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या न्यूटन या गावी त्या वर्षी एक कंपनी निघाली, हे खरे आहे, मजकुरातला तो ‘कनवाळू माणूस’, म्हणजे एफ. एल. मेटॅग, हा तिच्या संस्थापकांपैकी एक होता, हेही खरे. पण कंपनीचे नाव होते ‘पार्सन्स बँड कटर अँड सेल्फ फीडर’, आणि नावातला पार्सन्स म्हणजे तिचा दुसरा भागीदार जॉर्ज पार्सन्स. नावातले ‘पार्सन्स’नंतरचे दोन शब्द मजकूर लिहिणाऱ्याने नीट वाचले असते तरी खरी अडचण कोणती होती, ते त्याला कळले असते. ‘बँड कटर’ म्हणजे पेंढीचा बंध कापणारा.

हाताने भरणी होई तेव्हा अमेरिकन यंत्राच्या तोंडाशी निदान तीन माणसे लागत. गाडीवरून वा गंजीवरून आलेली पेंढी बाजूच्या टेबलावर पडे. तिथे उभा असलेला माणूस सुरीने तिचा बंध कापी. आणि मधला भरणारा ती उचलून पंख्यासारखी पसरत, ओंब्या पुढे करून, मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेणाऱ्या ड्रमच्या तोंडाशी सोडी. दोन्ही बाजूंनी बंध कापणाऱ्यांच्या सुऱ्या चालत असल्यामुळे भरणाऱ्याच्या हाताला ड्रमइतकीच भीती त्या सुऱ्यांची असे. संपूर्ण टोळीत हे काम कौशल्याचे आणि मानाचे समजले जाई, कारण एकसारखी भरणी ही सर्व मळणीची किल्ली होती. पेंढी न पसरता गठ्ठ्याने आत गेली, तर ड्रमचा वेग पडतो. आणि पंखा, चाळण्या, काड झटकणारे भाग हे सगळे त्याच फिरत्या गतीवर पट्ट्यांनी जोडलेले असल्यामुळे त्यांचाही वेग पडतो. वारा कमी पडल्याने भूस दाण्यांत राहते आणि काड पुरेसे झटकले न गेल्याने दाणा काडाबरोबर गंजीवर निघून जातो. जाणता भरणारा यंत्राच्या आवाजावरून हे ओळखी आणि हात आखडता घेई. आपल्याकडे खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैलांची पात हाकणाऱ्यालाही थर कुठे जाड झाला आणि कुठे पातळ, याचे भान ठेवावे लागे. पण तिथे चूक झाली तर बैलांचा एक फेरा वाढतो, इथे दाणा हातचा जातो.

स्वयंचलित भरणी यंत्रणेला या जाणत्या माणसाची जागा घ्यायची होती, आणि त्यासाठी नुसता सरकता पट्टा पुरेसा नव्हता. पट्ट्यावरून येणाऱ्या पेंढ्यांवर वरून दातेरी पाती चालवून बंध कापायचे, मोकळ्या झालेल्या काडाचा खालचा थर अडवून वरचा पुढे जाऊ द्यायचा म्हणजे गठ्ठा विस्कटतो, आणि ड्रमचा वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की गव्हर्नरने, म्हणजे वेगावर नजर ठेवणाऱ्या भागाने, पट्टा आपोआप थांबवायचा, अशी ही तिहेरी करामत होती. त्यातला गव्हर्नर हा खरे तर त्या भरणाऱ्याचा कानच होय. शिवाय हे सगळे शक्य झाले ते शेतातल्या दुसऱ्या एका यंत्रामुळे. १८८० च्या आसपास सुतळीने पेंढी बांधणारी कापणी यंत्रे पसरली आणि जवळपास एका मापाच्या, एकाच जागी बांधलेल्या पेंढ्या खळ्यावर येऊ लागल्या. त्याआधी मजूर काडाचाच पीळ घालून पेंढ्या बांधीत, आणि त्या कधी मुठीएवढ्या, कधी कवेत न मावणाऱ्या असत. काही वर्षे तारेने बांधणारी यंत्रेही चालली, पण तारेवर अशा पात्यांचा उपाय नव्हता. सुतळी आली नसती तर कोणाचीही करुणा या कामी उपयोगी पडली नसती.

बंध कापणारे आणि भरणारा यांची मजुरी वाचते आणि यंत्र दिवसभर पूर्ण वेगाने चालते, हाच या यंत्रणेचा मोठा लाभ होता, कारण भाड्याने मळणी करणाऱ्याची कमाई दिवसाकाठी किती बुशेल (धान्य मोजण्याचे तिकडचे माप) धान्य निघाले, यावर ठरे. त्यात गैर काही नाही. पण त्याला भूतदया म्हणू नये. आणि ही एका माणसाची एका वर्षातली करामतही नव्हे, कारण अशा यंत्रणा बनविणारे कारखाने अमेरिकेत एकाहून अधिक होते आणि त्यांच्यात चांगलीच चुरस होती. धुलाई यंत्राची पुस्ती खरी असली तरी तिचे कारणही व्यापारीच आहे : भरणी यंत्रणेला मागणी सुगीपुरती, म्हणून उरलेल्या महिन्यांत कारखाना रिकामा राहू नये यासाठी या कंपनीने १९०७ मध्ये धुलाई यंत्र बाजारात आणले, आणि पुढे जोडधंदाच मुख्य धंदा होऊन बसला.

माणसाच्या जिवाची काळजी कोणी केलीच नाही, असे मात्र नाही. ब्रिटिश यंत्रांत ड्रमचे तोंड यंत्राच्या माथ्यावर असे आणि बंध कापणारे तिथेच वावरत. त्यामुळे तिकडे हाताइतकाच पायाचा धोका होता, आणि तोल जाऊन माणूस वरून ड्रममध्ये पडल्याचे अपघात घडत. त्यावर ब्रिटिश संसदेने १८७८ मध्ये खास मळणी यंत्रांसाठी कायदा केला आणि वाफेवर किंवा इतर शक्तीवर चालणाऱ्या यंत्राचा ड्रम व भरणीचे तोंड सुरक्षितपणे बंदिस्त असलेच पाहिजे, असे बंधन घातले. न्यूटनच्या कंपनीच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. या कायद्याला हवा होता तो अडसर. आपोआप भरणी त्याने कोणावर लादली नव्हती.

इथेच मूळ मजकुराची सर्वांत घातक चूक लपलेली आहे. यंत्र स्वतः माल ओढून घेते म्हणून ते सुरक्षित, ही समजूत ज्याने कडबाकुट्टीच्या यंत्राजवळ काम केले आहे, तो कधीही मान्य करणार नाही. कडबाकुट्टीचे रूळ ही अगदी मीकलच्या जातीची स्वयंचलित भरणी आहे, आणि बोटे जातात ती त्याच रुळांमुळे. ते कडबा आणि मनगट यांत भेद करीत नाहीत, आणि एकदा धरलेले सोडत नाहीत. भरणी एकसारखी करणे ही एक गोष्ट आणि हात पात्यापासून दूर ठेवणे ही दुसरी. अमेरिकन यंत्रणेत हात वाचला असेल तर तो सरकता पट्टा लांब असल्यामुळे आणि पेंढ्या टाकणारा त्याच्या टोकाशी उभा राहिल्यामुळे.

हरितक्रांतीच्या काळात उत्तर भारतात शक्तीवर चालणारी मळणी यंत्रे झपाट्याने पसरली आणि तुटलेल्या हातांची प्रकरणे वाढली, तेव्हा आपल्याकडे जो उपाय निघाला तो अंतराचाच होता. १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा प्रामुख्याने मळणी यंत्रांसाठीच झाला, आणि भारतीय मानकाने भरणीच्या पन्हाळीची लांबी किमान ९० सेंमी व तिचा यंत्राकडचा झाकलेला भाग किमान ४५ सेंमी असावा, असे ठरविले. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात त्या ९० सेंमीहून आखूड असतो, एवढेच त्यामागचे गणित. अमेरिकन यंत्रणा आपण ‘स्वीकारली नाही’ म्हणणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की, विळ्याने कापून हाताने बांधलेल्या लहानमोठ्या पेंढ्यांवर ती नीट चाललीच नसती, आणि लहान शेतकऱ्याच्या यंत्रावर तिची किंमत परवडलीही नसती. पत्र्याची पन्हाळ कोणताही गावातला लोहार किंवा वेल्डिंगवाला बसवू शकतो.

पण त्याच पन्हाळीचे झाकण कापून काढलेली यंत्रेही मी पाहिली आहेत. एका यंत्रमालकाला कारण विचारले, तर तो म्हणाला, झाकणाखाली पेंढी पसरता येत नाही, गठ्ठा तसाच आत जातो, मशीन दबते आणि दाणा भुशात जातो.