‘महिन्यात दिसलं नाही तर कधीच नाही’: पडद्याच्या ऑपरेशनबद्दलचा मेसेज का चुकीचा आहे

लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपांवर डोळ्याच्या पडद्याबद्दल, म्हणजे डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या थराबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘पडदा सरकला की नजर गेली. ऑपरेशननंतर महिन्यात दिसलं नाही तर पुढे दिसत नाही. स्कॅनमध्ये पडदा चिकटलेला दाखवतात, तो पैसे काढायचा धंदा आहे. त्यापेक्षा थेंब टाका, पेशी परत येतात.’

मी लातुरात ओसीटी मशीनवर, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर, काम करते. हा मेसेज वाचून तपासणीला यायचं बंद केलेली माणसं मला माहीत आहेत, म्हणून लिहिते.

आधी महिन्याचं. ऑपरेशनमध्ये पडदा दाबून धरायला डोळ्यात वायू भरला असेल तर तो प्रकारानुसार साधारण दोन ते आठ आठवड्यांत विरतो, आणि तोवर धड दिसत नाही. तेल टाकलं असेल तर चष्म्याचा नंबर पार बदलतो. मग महिन्यात निकाल कसा लावायचा?

खरं कारण त्याहून खोल आहे. पडदा सरकतो तेव्हा प्रकाश टिपणाऱ्या पेशी मागच्या थरापासून सुटतात. त्यांचा प्राणवायू आणि पोषण तिथूनच येतं. उपाशी पडलेल्या पेशीचं प्रकाश टिपणारं टोक आधी झडतं. पेशी लगेच मरत नाही. पडदा पुन्हा टेकला की तगलेली पेशी ते टोक हळूहळू वाढवते. याला महिने लागतात, कधी वर्षही उलटतं.

‘चिकटलेला दाखवतात, पण दिसत नाही’ याचं उत्तर त्याच स्कॅनमध्ये असतं. औसा तालुक्यातले एक काका सोयाबीनची काढणी उरकून आले, तोवर मधला, बारीक बघायचा भाग सुटून बरेच दिवस झाले होते. ऑपरेशन झालं. येळवशीच्या आठवड्यात त्यांनी हनुवटी मशीनवर टेकवली आणि म्हणाले, “ताई, अजून धुरकटच दिसायलंय की.” पडदा तर छान टेकलेला होता. पण त्यातली एक बारीक पांढरी रेघ मधोमध गायब होती. ती सलग असली की प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा थर जागेवर आहे असं समजतात. मार्चमध्ये तीच रेघ तुकड्यातुकड्यांनी दिसू लागली. हा फरक त्यांना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवला. यात ना सुई, ना एक्स-रे, नुसता प्रकाश.

ओसीटीत थर दिसतो, एकेक पेशी मोजता येत नाही. त्यासाठी संशोधक दुर्बिणीची युक्ती वापरतात. वातावरणामुळे हलणारा तारा स्थिर दिसावा म्हणून खगोलशास्त्रात आकार बदलणारा आरसा वापरतात; तसाच आरसा डोळ्याच्या भिंगातले दोष पुसतो. 1997 साली अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात असे जिवंत डोळ्यातल्या शंकू पेशींचे, म्हणजे रंग आणि बारीक तपशील टिपणाऱ्या पेशींचे, फोटो निघाले. पडद्याच्या मध्यबिंदूवर एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे दोन लाख शंकू पेशी असतात, यावरून काम किती बारीक आहे ते कळेल. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात असे फोटो पुन्हा पुन्हा काढले की पेशींची जाळी कुठे विरळ झाली आणि कुठे सावरतेय ते कळतं. फोटोत काळी दिसणारी प्रत्येक जागा मेलेली नसते. टोक बिघडलेली पेशीही तिथे अंधारी दिसते. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

थेंबांचं थोडक्यात. माणसाच्या पडद्यातली मेलेली पेशी पुन्हा जन्मत नाही. कोणताही थेंब ती आणत नाही. थेंबांच्या नादात जे दिवस जातात, त्यांत आणखी पेशी मरतात. डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, काळ्या माशा अचानक वाढल्या, एका बाजूने सावली आली, तर त्याच दिवशी दाखवा.

मेसेजमध्ये एक कण खरा आहे: मधला भाग सुटून दिवस गेले असतील तर पूर्वीसारखी नजर बहुतेकदा येत नाही. काकांनाही अजून बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. पण दाराच्या चौकटी आता सरळ दिसतात, आणि पुढचा स्कॅन पेरणीनंतरचा ठरलाय.