नकाशा पक्का होण्याआधी गावाला विचारा

पुण्यासाठी पुरंदर तालुक्यात व्हायच्या नव्या विमानतळाबद्दल मी बोलत खूप आलोय, सलग असं लिहिलं मात्र कधी नव्हतं. आता लिहितोय, कारण पुण्यातले मित्र भेटले की एकच प्रश्न विचारतात, "अरे, तुमच्याकडच्या बहुतेकांनी जमीन द्यायला संमती दिली ना? मग आता अडलंय कुठं?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो, तर उत्तरही नीट द्यायला हवं. पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा.

माझं घर सासवडला. आत्याचं सासर वनपुरी. त्यामुळे ज्या सात गावांची नावं तुम्ही बातम्यांत वाचता, पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, ती माझ्यासाठी लहानपणापासून येण्याजाण्यातली गावं आहेत. आणि आधीच स्पष्ट सांगतो, पुण्याला नवीन विमानतळ नको असं माझं म्हणणं नाही. लोहगावची, म्हणजे पुण्याच्या सध्याच्या विमानतळाची, धावपट्टी हवाई दलाची आहे. प्रवासी विमानांना तिथं मिळेल तेवढ्याच वेळेत उतरावं-उडावं लागतं. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या कामासाठी दोन आठवडे सगळी प्रवासी विमानं बंद होती. 2024 मध्ये नवी टर्मिनल इमारत सुरू झाली, ती चांगलीच आहे, पण धावपट्टी तीच राहिली. खेड-चाकणच्या बाजूच्या जागांची चर्चा वर्षानुवर्षं चालली आणि बारगळली. गरज खरी आहे, हे मला मान्य आहे.

माझा मुद्दा ठरवण्याच्या पद्धतीचा आहे.

2016 मध्ये पुरंदरची जागा जाहीर झाली. आत्याच्या घरी ही बातमी टीव्हीवरून कळली. जागा ठरल्यावर, हेक्टर ठरल्यावर, गावांची यादी ठरल्यावर. त्याआधी गावात कुणी येऊन विचारलं नव्हतं की बाबांनो, इथं पाणी कुठून येतं, बागायत कुठली आणि जिरायत कुठली, ओढा कुठून वाहतो, माळ कुठला पडीक आहे. ही माहिती गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असते. सातबाऱ्यावर ती अर्धीच असते आणि वरून काढलेल्या फोटोत तर त्याहून कमी.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते बाहेरच्यांना दिसत नाही. पुरंदर हा दुष्काळी तालुका. तरी इथल्या माणसानं अंजीर आणि सीताफळ उभं केलं. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ज्या वर्षी सरकारनं इथलं फळ जगात वेगळं आहे असं मानलं, त्याच वर्षी जमीन हवी म्हणूनही सांगितलं. अंजिराचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. पहाटेच तोडा सुरू होतो. देठाचा चीक हाताला लागला की कातडी सोलल्यासारखी होते. फळ एवढं नाजूक की बोटाचा दाब जास्त झाला तर बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. पाटीत पानं घालून एकेक फळ लावायचं आणि ऊन चढायच्या आत माल गाडीत. अशी बाग एका हंगामात होत नाही. झाड लावायचं तर पुढच्या काही वर्षांचा भरवसा लागतो.

आणि नेमका तो भरवसाच गेला. जमीन जाणार की राहणार? दादानं, म्हणजे आत्याच्या मोठ्या मुलानं, जुनी झाडं काढून नवी लावायची ठरवली होती, ते तसंच राहिलं. शेततळ्याचा कागद फाटला, तर नवीन टाकायचा की नाही यावर घरात भांडणं. घराचा स्लॅब टाकायचा की नाही, पोराच्या लग्नात मुलीकडच्यांना जमीन किती आहे म्हणून सांगायचं, प्रत्येक ठिकाणी विमानतळ मधे. दरम्यान जमिनीचे एजंट मात्र रोज दारात. गावाला नकाशा ठाऊक नाही, आणि एजंटाच्या मोबाइलमध्ये मात्र तो आहे!

मधे सरकार बदललं, तर विमानतळ पूर्वेकडे, रिसे, पिसे, पांडेश्वर, राजुरीच्या बाजूला सरकवायचं ठरलं. इकडं फटाके, तिकडं आंदोलन. मग संरक्षण खात्यानं त्या जागेला नकार दिला आणि गाडी पुन्हा जुन्या सात गावांवर आली. म्हणजे तालुक्याच्या दोन्ही टोकांच्या माणसांनी आळीपाळीनं तीच भीती भोगली आणि दोन्ही वेळा त्यांना आधी विचारलं गेलं नाही.

3 मे 2025 ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. ड्रोन सर्वेक्षणावरून ग्रामस्थ आणि पोलीस समोरासमोर आले. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. त्यात म्हाताऱ्या बायका होत्या आणि ड्युटी म्हणून आलेले, स्वतः शेतकऱ्याच्या घरातले तरुण पोलीसही होते. त्या दिवसाचे व्हिडिओ मला अजून पूर्ण बघवत नाहीत.

आता एक गोष्ट शांतपणे बघा. सुरुवातीला हा प्रकल्प 2,800 हेक्टरांहून अधिक जमिनीचा सांगितला गेला. नंतर, 2025 मध्ये, तो सुमारे 1,285 हेक्टरांवर आणला. निम्म्याहून कमी! मग आधीची जादा जमीन कशासाठी मागितली होती? आणि ती वगळायला नऊ वर्षं आणि रस्त्यावरची झटापट का लागली? 2016 मध्येच सात गावांच्या ग्रामसभांसमोर नकाशा पसरला असता, धावपट्टी कुठं, टर्मिनल कुठं, मालवाहतूक कुठं, आणि बाकीची जमीन नक्की कशाला, एवढं विचारू दिलं असतं, तर हीच छाटणी तेव्हाच झाली असती. विरोध करणाऱ्या लोकांना आपण विकासाचे शत्रू म्हटलं. प्रत्यक्षात आराखडा आटोक्यात आणायचं काम त्यांनीच करून घेतलं.

आता संमतीबद्दल. हो, 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संमतीपत्रं घेतली गेली आणि बहुतेकांनी ती दिली. रोख मोबदला आणि वर घेतलेल्या जमिनीच्या 10 टक्के विकसित भूखंड. आमच्या घरातही सह्या झाल्या. कोणत्या मनानं झाल्या ते ऐका. दादा म्हणाला, "आज ना उद्या घेणारच आहेत, मग भांडून कमी कशाला घ्यायचं?" ही संमती दराला होती. रस्ता कुठून जाईल, विहीर राहील का, उरलेल्या चार एकरांना पाणी कसं पोचेल, गावठाण कुठं वसेल, यातलं काहीही त्या कागदावर नव्हतं. सही करणाऱ्याला ते विचारायची सोयही नव्हती.

इथं कायद्याचं थोडं सांगतो, कारण बरेच जण यात गोंधळतात. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचं मूल्यांकन सक्तीचं केलं होतं. जमीन घेण्याआधी अभ्यास करायचा, गावात जाहीर सुनावणी घ्यायची, आणि फक्त मालकाचा विचार न करता त्या जमिनीवर तीन वर्षांपासून राबणारा मजूर, कूळ, कारागीर यांनाही बाधित कुटुंब धरायचं. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर शेतकऱ्याच्या बाजूनं झालेल्या मोठ्या कामांपैकी हे एक होतं. पण 2018 मध्ये महाराष्ट्रानं त्यात दुरुस्ती केली आणि एमआयडीसी कायद्यासारखे काही राज्याचे कायदे त्यातून वगळले. मोबदल्याच्या तरतुदी राहिल्या, आधी अभ्यास करायची सक्ती गेली. पुरंदरचं संपादन याच एमआयडीसी कायद्याखाली चाललं. जमीन का घेऊ नये असं विचारणारी कलम 32(2) ची नोटीस येते, हरकती घेतात, सुनावणी होते. पण ती एकेका खातेदाराची, त्याच्या गटापुरती. पूर्ण गावाचं काय होणार हा प्रश्न मांडायला त्यात जागाच नाही.

म्हणून शेतमजूर कुठल्याच यादीत नाही. अंजिराच्या तोड्याला येणाऱ्या बाया, सीताफळाच्या हंगामावर वर्ष काढणारी घरं, वाट्यानं जमीन कसणारे, माळावर मेंढरं चारणारे, यांच्या नावावर गुंठाही नाही. त्यांच्याकडं संमती मागितली गेली नाही, कारण द्यायला त्यांच्याकडं काही नव्हतं. जिथं जमीन आहे तिथंही सातबाऱ्यावर बायकांची नावं किती? वहिनीनं ती बाग वीस-बावीस वर्षं सांभाळली. पैसे कुणाच्या खात्यात येणार आणि ते कशावर खर्च होणार, यात तिला कुणी धरलेलं नाही. खानवडी हे महात्मा फुल्यांचं वडिलोपार्जित गाव. शेतकरी आणि स्त्री या दोघांना कागदावर हक्क मिळावा म्हणून ज्यांनी आयुष्य झिजवलं, त्यांच्या गावच्या जमिनीचा हिशोब मांडताना तरी ही दोन नावं सुटू नयेत, असं मला फार वाटतं.

न विचारता विमानतळ केला की काय होतं, हे जपानमध्ये झालंय. टोकियोसाठी नारिता विमानतळाची जागा 1966 मध्ये मंत्रिमंडळानं परस्पर ठरवली, सानरिझुका भागातल्या शेतकऱ्यांना विश्वासात न घेता. पुढं वर्षानुवर्षं संघर्ष चालला. 1971 मध्ये तीन पोलीस मारले गेले. मार्च 1978 मध्ये उद्घाटन तोंडावर असताना आंदोलकांनी कंट्रोल टॉवरमध्ये घुसून यंत्रणा फोडली, उद्घाटन लांबलं आणि विमानतळ मे महिन्यात सुरू झाला. दुसरी धावपट्टी 2002 मध्ये झाली, तीही आखडती, कारण मधल्या जमिनी मिळाल्या नव्हत्या. त्याआधी, 1990 च्या दशकात, सरकार, शेतकरी आणि तज्ज्ञ एका टेबलाभोवती बसले, सरकारनं माफी मागितली आणि बळानं जमीन घेणार नाही असा शब्द दिला. जे बोलणं पहिल्या वर्षी करायचं, ते पंचवीस वर्षांनी केलं. जपानसारख्या शिस्तीच्या देशाला एवढी किंमत मोजावी लागली.

एवढं लांबही जायला नको. जानेवारी 1984 मध्ये उरणला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या संपादनाविरुद्धच्या आंदोलनात, गोळीबारात पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली तो लढा झाला म्हणून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. पुढं नवी मुंबई विमानतळाच्या गावांना साडेबावीस टक्के मिळाले, ते त्याच पायावर. पुरंदरला आज जे 10 टक्के मिळतायत, त्यामागं त्या पाच जणांचं रक्त आहे, हे विसरून चालणार नाही. पण तिकडच्या गावांना जाऊन विचारा. भूखंड मिळाला, देव-देऊळ हललं, गावकी फुटली, पोरांना विमानतळावर कायमची नोकरी मिळावी म्हणून पुन्हा मोर्चे काढावे लागले. नोकरीचं, गावठाणाचं, मासेमारीचं बोलणं आराखड्यातच व्हायला हवं होतं.

गेल्या पावसाळ्यात दादाच्या मोबाइलवर कुठून तरी एक नकाशा आला होता. शिक्का नाही, तारीख नाही, तिरका काढलेला फोटो. अख्खं घर त्या मोबाइलवर वाकलं होतं. दादा दोन बोटांनी मोठा करायचा, गट नंबर फुटायचे, आकडे वाचता यायचे नाहीत. लाल रेघ विहिरीच्या अलीकडून जातेय की पलीकडून, यावर तासभर वाद. आत्या शेवटी म्हणाली, "त्यांना सांगा, एकदा येऊन चुन्यानं आखून द्या." एवढी साधी मागणी आहे ती. प्रत्येक ग्रामपंचायतीत भिंतीभर मोठा, गट नंबर वाचता येईल असा, शिक्क्याचा नकाशा लावा. बदल झाला की नवा लावा, जुना बाजूला ठेवा, म्हणजे काय बदललं ते कळेल.

दुसरं, आराखड्याचा मसुदा पक्का होण्याआधी ग्रामसभांत ठेवा आणि लोकांच्या प्रत्येक सूचनेला मान्य किंवा अमान्य, कारणासह लेखी उत्तर द्या. तालुक्यात एक कायमची समिती हवी. चालू विमानतळांवर खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समित्या असतात, पण त्या विमानतळ झाल्यानंतरच्या. इथं ती बांधकामाआधी हवी आणि त्यात सात गावांतून ग्रामसभेनं निवडलेली माणसं हवीत. निम्म्या बाया, आणि भूमिहीनांना ठरलेल्या जागा. जमीन नसलेल्या कुटुंबांची स्वतंत्र मोजणी करा. कायद्यानं सक्ती नसली तरी मनाईही नाही. सरकारनं ठरवलं तर सामाजिक परिणामांचा अभ्यास आजही करता येतो.

आणि पाणी! पुरंदर उपसा योजनेवर, पुण्यातून वाहून आलेल्या मुळा-मुठेच्या पाण्यावर हा तालुका तगलाय. विमानतळ, हॉटेलं, गोदामं, नवी वसाहत यांना पाणी कुठून देणार? सपाटीकरणात ओढे बुजले तर खालच्या गावांच्या विहिरींचं काय? हा प्रश्न सात गावांपुरता नाही, कऱ्हेकाठच्या प्रत्येकाचा आहे. याचं उत्तर आकड्यांत आणि मराठीत मिळायला हवं.

पुण्यातल्या मित्रांनो, आता तुमच्याशी. विमानतळाभोवती 20 किलोमीटरपर्यंत इमारतींच्या उंचीला परवानगी लागते. विमानांचा चढण्या-उतरण्याचा मार्ग कुणाच्या तरी डोक्यावरून जाणार आहे. तुमच्यातल्या कित्येकांनी दिवे घाटाच्या वर-खाली प्लॉट आणि फ्लॅट घेतलेत. रात्री विमानं किती उडतील हे आज ठरवता येतं. फ्रँकफर्टला नवी धावपट्टी करताना आजूबाजूच्या गावांबरोबर बसून मध्यस्थी झाली, आणि रात्री 11 ते पहाटे 5 उड्डाणबंदी त्यातूनच पुढं आली. आपल्याकडं ही चर्चा सुरूसुद्धा नाही.

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे विमानतळाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. वर्तमानपत्रात निदान 30 दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष, सगळ्याचं चित्रीकरण, आणि शेवटी नोंदलेले मुद्दे लोकांना वाचून दाखवणं. सध्या पूर्ण परिसराबद्दल बोलायची ही जवळपास एकमेव कायदेशीर जागा उरलीय. तिथं जमीन नसलेलाही बोलू शकतो. हडपसरचा, फुरसुंगीचा, कोंढव्याचा माणूसही बोलू शकतो. सुनावणीत जे बोललं जात नाही ते इतिवृत्तात येत नाही, आणि जे इतिवृत्तात नाही ते पुढं कुठंच धरलं जात नाही.

तेव्हा ज्यांना ईआयएचे, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचे, अहवाल वाचता येतात, पाण्याचं गणित येतं, नकाशावरची आवाजाची वर्तुळं समजतात, त्यांनी कमेंटमध्ये नाव टाका किंवा मला मेसेज करा. सासवडला एखाद्या रविवारी बसू. सात गावांतून माणसं आणायची जबाबदारी माझी.

(पोस्ट शेअर करायला माझी परवानगी नको. फक्त गावांची नावं बरोबर ठेवा.)